पेरणीचा महिना, प्रवेशाचा महिना

या पानावर आपण एरवी बोंडअळीवर बोलतो, केळीच्या करप्यावर बोलतो, ठिबकच्या नळ्या कशा धुवाव्यात ते बघतो. आज जरा वेगळ्या पिकाबद्दल बोलू. हे पीक घरातच वाढतं, हाती यायला तीन ते पाच वर्षं लागतात आणि त्याचा पीकविमा निघत नाही. विद्यापीठात शिकणाऱ्या किंवा शिकू पाहणाऱ्या तुमच्या मुलामुलींबद्दल मी बोलतो आहे.

विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव फिरताना पिकाचं बोलणं लवकर आटोपतं. मग बांधावर बसून माणूस हळूच विचारतो, "साहेब, पोऱ्या बारावी व्हई गया. आते जळगावले धाडू का?" मी स्वतः कृषी पदविका घेऊन नोकरीला लागलो, विद्यापीठाच्या आवारात राहून शिकण्याचा योग मला आला नाही. पण गेली काही वर्षं सुटीत घरी आलेल्या मुलांशी मी मुद्दाम बोलतो. त्यांनी सांगितलेलं आणि फिरतीत मी पाहिलेलं इथे मांडतो.

आधी विद्यापीठ म्हणजे काय ते समजून घ्या

१९९० पूर्वी आपल्या जळगाव-धुळ्याची महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेत चूक झाली तरी पुण्याचा रस्ता धरावा लागे. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला सुरू झालं. पुढे १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, पण विद्यापीठ तिन्ही जिल्ह्यांचं एकच राहिलं. २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. असोद्याच्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर सुचलेलं तिचं बोलणं मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवलं म्हणून ते टिकलं आणि १९५२ साली पुस्तक होऊन लोकांपुढे आलं. "आमले काय समजस त्यामा?" असं म्हणून विद्यापीठाच्या फाटकाबाहेर थबकणाऱ्या मायबापांनी त्या फाटकावरचं नाव एकदा वाचावं. ते एका शेतकरी बाईचं आहे.

जळगावहून धुळ्याकडे निघालं, गिरणेचा पूल ओलांडला, की बांभोरीजवळ महामार्गाला लागून हे आवार आहे. सुमारे साडेसहाशे एकरांचं. दहा एकरांच्या खातेदाराचे पासष्ट मळे त्यात बसतील. पहिल्या दिवशी मुलं या पसाऱ्यालाच बिचकतात. कार्यालय एकीकडे, वर्ग दुसरीकडे, वसतिगृह तिसरीकडे. गावात सगळे नावाने ओळखतात, इथे ओळखपत्रावरून ओळखतात.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विद्यापीठात शिकणं दोन तऱ्हेचं असतं. आवारातल्या विभागांत, ज्यांना तिथे प्रशाळा म्हणतात, मुख्यतः पदवीनंतरचं शिक्षण चालतं. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणारी बहुतेक मुलं अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्री, चाळीसगाव अशा ठिकाणच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. परीक्षा आणि पदवी दोघांचीही विद्यापीठाचीच. तेव्हा बारावीनंतर लगेच जळगावला खोली घेतलीच पाहिजे असं नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात पदवी, तिथवर एस.टी.चा पास, आणि पुढे एम.एस्सी., एम.ए.ला आवारात, हा रस्ता आपल्या घरांना जास्त झेपतो. शेतीचं शिक्षण हवं असेल तर वाट निराळी आहे. धुळ्याचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाखाली येतं.

पहिले सहा महिने

नव्या रोपाला शेतात लावल्यावर ते काही दिवस मान टाकतं. मुलांचंही तसंच होतं. पारोळा तालुक्यातला एक मुलगा रसायनशास्त्र शिकायला आवारात गेला. पदवीपर्यंत त्याचे गुण चांगले होते. पण शिकवणं इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, आणि वर्गात प्रश्न विचारायचा तर तोही इंग्रजीतच विचारावा लागेल या भीतीने पहिले दोन महिने तो वर्गात एक शब्द बोलला नाही. शेवटी वसतिगृहातल्या पुढच्या वर्षाच्या मुलांनी सांगितलं, की प्रश्न मराठीत विचारला तरी चालतो, सर उत्तर देतात. त्या दिवसापासून त्याची गाडी रुळावर आली.

चोपड्याच्या सातपुड्याकडच्या पाड्यावरची एक मुलगी सांगत होती, की घरी पावरी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी, अशा चार भाषा तिला एका दिवसात बोलाव्या लागतात. तिच्या बोलण्याला काहीजण हसले, तेव्हा तिला परत जावंसं वाटलं. ती गेली नाही. भाषेवरून हसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची आजी घरी अहिराणीच बोलते, हे तिला हळूहळू कळलं.

या मोठ्या आवाराचा फायदाही मुलं सांगतात. रात्री उशिरापर्यंत बसायला ग्रंथालय असतं. 'युवारंग' हा विद्यापीठाचा युवक महोत्सव आहे, त्यात गावातल्या पोरांना पहिल्यांदा रंगमंच मिळतो. 'आविष्कार' ही संशोधनाची स्पर्धा आहे, त्यात शेतीवरचे प्रयोगही मांडता येतात. 'कमवा व शिका' योजनेत दिवसाचे काही तास काम करून खर्चाला हातभार लावता येतो. या कामात कमीपणा काही नाही. घरी निंदणी-खुरपणी केलेल्या पोराला झाडांना पाणी घालायची लाज कसली?

आठ दिवसांची किंमत

आता जरा कडू बोलतो. शिंदखेडा तालुक्यातला एक मुलगा दुसऱ्या वर्षाला होता. कापूस फुटला, मजूर मिळेना, बापाने आठ दिवसांसाठी बोलावून घेतलं. आठाचे वीस झाले. तेवढ्यात अंतर्गत परीक्षा झाली, प्रात्यक्षिकं बुडाली, हजेरी कमी पडली. परत गेला तेव्हा काय चाललंय ते त्याला समजेना. त्या दिवाळीनंतर तो गेलाच नाही. आज तो गावातच आहे, कष्टाळू आहे, पण विषय काढला की गप्प होतो.

यात बापाचा दोष काढायचा नाही. मजूर मिळत नाही हे मी रोज बघतो. पण पूर्वी वर्षाला एकच परीक्षा असे, दिवाळीत बुडालेलं उन्हाळ्यापर्यंत भरून काढता येई. आता सत्र पद्धत आहे. सहा महिन्यांत एक डाव संपतो, आणि पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी आपल्या वेचणीच्या दिवसांतच येते. तेव्हा परीक्षेचं वेळापत्रक आधी मागून घ्या आणि ते घरातल्या कॅलेंडरवर पेरणीच्या तारखेसारखं लिहून ठेवा. पोराला वेचणीला बोलवायचंच असेल तर रविवारी बोलवा, जोडून सुट्या आल्या की बोलवा. प्रात्यक्षिकाच्या दिवशी बोलवू नका.

आणखी एक. एखाद्या विषयात नापास झालं म्हणजे वर्ष गेलं असं नसतं. ठरलेल्या मर्यादेत विषय राहिले तर पुढच्या वर्गात बसता येतं, याला मुलं ए.टी.के.टी. म्हणतात. निकाल चुकला असं वाटलं तर उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनही करून घेता येतं. पण त्याला मोजक्या दिवसांची मुदत असते. हे माहीत नसल्याने कितीतरी मुलं एका निकालावर घरी बसतात. आणि निकालाच्या दिवशी घरात आधी रागावणं, मग विचारणं, असं करू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री फोनवर कर्जाचा आकडाही सांगू नका. तो आकडा पोराला पाठ असतो.

पैशाचं वेळापत्रक

खर्चापेक्षा खर्चाची वेळ आपल्याला मारते. प्रवेश जून-जुलैत होतात. तेव्हा बियाणं, खत, मजुरी यांत हात रिकामा झालेला असतो. परीक्षेचा अर्ज पहिल्या कापसाच्या आगेमागे भरावा लागतो. आणि कापसाचा खरा पैसा येतो दिवाळीनंतर, संक्रांतीपर्यंत. केळीवाल्याकडे पैसा थोडाफार फिरता असतो, पण मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली की तोही थांबतो.

मग काय होतं? पीककर्जातून फी भरली जाते आणि खतासाठी सावकाराचं दार वाजवावं लागतं. एकच रुपया दोन ठिकाणी खर्च होत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की ज्या दिवशी कापसाची पट्टी हाती येईल, त्याच दिवशी पुढच्या जूनच्या फीची रक्कम पोस्टात किंवा बँकेत वेगळी टाका. घरात बियाणं राखून ठेवतो तशी. लग्नकार्यात हात घातला तरी त्या पैशाला लावायचा नाही.

शासनाच्या योजना पुष्कळ आहेत, पण त्या आपोआप घरी येत नाहीत. शिक्षण शुल्कासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रम शिकणाऱ्या अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर आदिवासी मुलांसाठी 'स्वयम्', अनुसूचित जातीच्या मुलांसाठी 'स्वाधार', इतर मागासवर्गीयांसाठी 'आधार' अशा योजना आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे असतात, ते दरवर्षी नव्याने पुढे चालू करावे लागतात, आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. खातं जोडलेलं नसेल तर मंजूर झालेला पैसाही अडकून पडतो. शिवाय ही रक्कम उशिरा येते हे धरूनच चाला. तिच्या भरवशावर जूनची फी ठेवू नका.

पोरींच्या बापांना दोन शब्द

मुलाला धाडू का, असं मला विचारतात. मुलीबद्दल मात्र "कशाला लांब, जवळच स्थळ बघू" असं परस्पर ठरतं. कारणं मला कळतात. शेवटची एस.टी. चुकली तर काय, खोलीवर कोण राहील, लोक काय म्हणतील. यातली पहिली दोन कारणं खरी आहेत, त्यांना उपाय आहे. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाबरोबरच करा, आईला सोबत घेऊन एकदा जागा बघून या, अधीक्षकांचा नंबर लिहून घ्या. तिसऱ्या कारणाला माझ्याकडे औषध नाही. पण गावातली एक मुलगी गेली, की पुढच्या वर्षी दोन-तीन जातात, आणि लोक बोलायचे थांबतात, हे मी स्वतः बघितलं आहे.

पैशाची अडचण सांगत असाल तर एक लक्षात ठेवा. २०२४-२५ पासून शासनमान्य व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. आपली बहुतेक कोरडवाहू घरं यात बसतात.

पदवी म्हणजे नोकरी नव्हे

हेही सांगितलं पाहिजे. पदवी झाली की नोकरी लागलीच, असं आता राहिलेलं नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत आपली कितीतरी मुलं वर्षानुवर्षं बसून आहेत. मग शिकवायचं कशाला? कृषी महाविद्यालयाची मुलं शेवटच्या वर्षाला 'रावे'साठी गावात येऊन राहतात, ती तुम्ही पाहिली असतील. रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, मातीचे नमुने घेतात. त्यांतले बरेच शेतकऱ्याचेच पोरं असतात. पण आपल्या वावराकडे ती आता प्रश्न विचारत बघतात: हे खत का, एवढंच का, खर्च किती, उरलं किती? हा प्रश्न विचारायची सवय नोकरीतही कामाला येते आणि वावरातही. पोरगं परत शेतीत आलं तर शिक्षण वाया गेलं असं म्हणू नका. आणि नाही आलं तर शेती वाया गेली असंही म्हणू नका.

शेवटी कामाचं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास, अल्पभूधारकाचा दाखला हे सगळं जूनमध्ये मागायला गेलात तर सेतू केंद्रावर रांग असते, सर्व्हर बंद असतो आणि प्रवेशाची तारीख निघून जाते. जात पडताळणीला तर महिने लागतात, तो अर्ज मूल अकरावी-बारावीला असतानाच करा. नावाचं स्पेलिंग आधार, गुणपत्रिका आणि बँकेच्या पुस्तकावर एकच आहे का, तेवढं आजच संध्याकाळी बघून घ्या. आणि पुढच्या खेपेला बियाण्यासाठी तालुक्याला जाल, तेव्हा पिशवीत सातबाऱ्याबरोबर पोरीची गुणपत्रिकाही टाका. तहसीलही त्याच गावात आहे.