पाणी घालूनही रोप का सुकतं?

बाल्कनीतल्या तुळशीला तुम्ही न चुकता रोज पाणी घालता. तरीही पानं पिवळी पडतात, शेंडे मान टाकतात. मग आपण काय करतो? आणखी एक तांब्या पाणी ओततो! कुंडीतली बरीच रोपं दगावतात ती याच मायेमुळे. असं का होतं, हे कळायला मुळं मातीत नेमकं काय करतात ते पाहायला हवं.

केसांएवढी मुळं, काम मोठं

पाणी शोषण्याचं बरंचसं काम जाड मुळं करत नाहीत. मुळाच्या टोकामागे अतिशय बारीक केस असतात, त्यांना मूलरोम म्हणतात. एक मूलरोम म्हणजे एकच पेशी. हॉवर्ड डिटमर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये राय या धान्याच्या एकाच रोपाची मुळं मोजली. चार महिन्यांच्या त्या रोपाच्या मुळांची एकूण लांबी ६०० किलोमीटरहून जास्त भरली आणि मूलरोम होते सुमारे १४ अब्ज!

पाणी आत कसं जातं?

मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात, हे तुम्ही पाहिलं असेल. मूलरोमातही तसंच होतं. पेशीतला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, त्यामुळे पाणी आपोआप आत शिरतं. यालाच परासरण म्हणतात. पुढे पानांतून पाण्याची वाफ होते आणि त्या ओढीने खालचं पाणी खोडातून वर चढतं. रोपाने शोषलेलं बहुतेक पाणी असंच हवेत जातं.

नायट्रोजन, पोटॅशियम, लोह यांसारखे क्षार मात्र बहुधा असे फुकट मिळत नाहीत. मातीत ते फार थोडे असतात, म्हणून त्यांना आत खेचायला मुळांना ऊर्जा खर्च करावी लागते. ऊर्जा मिळते श्वसनातून आणि श्वसनाला हवा लागते. म्हणजेच मुळंही श्वास घेतात!

जास्त पाणी, जास्त खत

मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते. कुंडी सतत ओली राहिली की तिथे पाणी भरतं आणि मुळं गुदमरतात. क्षार घेणं थांबतं, पाणी शोषणंही मंदावतं, मुळं कुजू लागतात. माती चिंब असूनही रोप तहानेने सुकतं ते यामुळेच.

खताचंही तसंच. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? मातीत खत जास्त झालं तर मुळांना पाणी ओढणं कठीण होतं आणि उलट त्यांच्यातलंच पाणी बाहेर जाऊ लागतं. शेतातही वर्षानुवर्षं बेसुमार पाणी दिलं आणि निचरा नसला की क्षार वर येऊन जमीन खारावते. अशा जमिनींच्या अभ्यासासाठी हरियाणातल्या कर्नाल इथे स्वतंत्र केंद्रीय संशोधन संस्था आहे.

हे लक्षात ठेवा

• पाणी घालण्याआधी बोट इंचभर मातीत खुपसून बघा. ओलं लागलं तर आज पाणी नको.
• कुंडीच्या तळाला भोक हवंच. खालच्या ताटलीत साचलेलं पाणी ओतून टाका.
• वरची माती अधूनमधून खुरप्याने हलकेच मोकळी करा.
• खत थोडंच द्या आणि तेही ओलसर मातीत. मातीवर पांढरा थर दिसला तर क्षार साठले असण्याची शक्यता असते. अशा वेळी भरपूर पाणी घालून ते तळातून पूर्ण वाहू द्या.
• रोप दुसऱ्या कुंडीत हलवताना मूलरोम तुटतात. म्हणून मुळांभोवतीची माती शक्यतो तशीच राहू द्या, हे काम संध्याकाळी करा आणि काही दिवस रोप सावलीत ठेवा.

तेव्हा पुढच्या वेळी तुळशीने मान टाकली, तर तांब्या उचलण्याआधी मातीला हात लावून बघा. तिला पाणी हवंय की हवा, ते तिथेच कळेल.