आमच्या धाकटीला आवाज फुटला!

गेल्या वर्षी ऐन आषाढात आमच्या धाकटीच्या बुटांनी तिचे गुपित फोडले. जूनमध्ये नवे घेतलेले बूट दीड महिन्यात टाचेशी पार झिजले होते. शाळा आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. मग एवढी झीज झाली कशी? विचारले तर पोर गप्प. रात्री अंथरुणावर, दिवा मालवल्यावर, तिने हळूहळू सांगितले. कोपऱ्यावरच्या बोळात तीन मुले रोज तिला अडवीत. दप्तर ओढीत, डबा हिसकावीत. म्हणून महिनाभर ती लांबच्या रस्त्याने वळसा घालून घरी येत होती. अकरा वर्षांची पोर!

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणतेस ना, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, मुलींनी आवाज चढवायचा नाही."

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी घरात खल सुरू झाला. 'हे' म्हणाले, "मी रोज गाडीवरून सोडतो आणि आणतो." सासूबाई म्हणाल्या, "शाळाच बदला." मी म्हटले, "तिला कराटेच्या वर्गाला घालू या." शेजारची मुलगी जातच होती.

"अगं बाई, पोरीच्या जातीला हे काय शिकवायलीस?" सासूबाई कडाडल्या. "उद्या सासरी जाऊन लाथा झाडील!"

ह्यांनी मग आईला तिच्याच दैवताची आठवण दिली. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आमच्याच जालना जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले. १६०८ साली जन्मलेल्या या पुरुषाने ठिकठिकाणी मारुती स्थापले, तरुणांना बलोपासनेला लावले. नाशिकजवळच्या टाकळीला ते स्वतः रोज बाराशे नमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. "मारुतीपुढे जोर काढलेले चालतात, मग जपानी कवायत का चालू नये?" ह्यांनी विचारले.

"तिथं पोरं जोर काढतात रे. पोरी नाही!" सासूबाईंनी एका वाक्यात निकाल दिला.

आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तालमीच्या लाल मातीत आमच्यासारख्यांच्या मुलींना पाऊल टाकायला मिळाले नव्हते. म्हणूनच तर मला हा वर्ग हवा होता.

कुंडलिकेच्या पलीकडे एका शाळेच्या सभागृहात आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर, हा वर्ग भरतो. पंचवीस-तीस मुले, त्यांत आठ-दहा मुली. मी सरांना आल्या आल्या सांगून टाकले, "सर, हिला चार ठोसे चांगले शिकवा. त्या पोरांना अद्दल घडली पाहिजे."

सर हसले. म्हणाले, "ताई, ठोसा मी आजच शिकवतो. तो कुणावर मारायचा नाही, हे शिकवायला मात्र काही वर्षं लागतील."

मी जरा हिरमुसलेच. भिंतीशी बसून पाहू लागले. मुलांनी दाराशी वहाणा ओळीने काढल्या, आत येताना वाकून नमस्कार केला. आपल्या वज्रासनासारखी बैठक घालून क्षणभर डोळे मिटले. मग 'इची, नी, सान, शी, गो' असे जपानी आकडे मोजीत हातपाय चालू लागले. सरांना नमस्कार, जोडीदाराला नमस्कार, खेळ संपल्यावर पुन्हा नमस्कार! मारामारी शिकायला आलेल्या मुलांनी तासाभरात इतके वेळा वाकावे, याचे मला नवल वाटले.

मग मी या विद्येविषयी थोडे वाचन केले. कराटे मूळचे ओकिनावा बेटावरचे. तेथील इतोसु आन्को या गुरूंनी १९०१ सालच्या सुमारास ते शाळेतल्या मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि मुलांना झेपतील असे सोपे 'काता' बसवले. काता म्हणजे डोळ्यांपुढे प्रतिस्पर्धी कल्पून ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन हे तर पेशाने शाळामास्तर. लहानपणी प्रकृतीने अगदी तोळामासा! १९२२ साली त्यांनी टोकियोत आपल्या विद्येचे प्रात्यक्षिक दाखवले आणि कराटे जपानभर पसरले. पांढरा पोशाख आणि रंगीत पट्ट्यांची चढण मात्र ज्यूदोकडून आली. तो ज्यूदो कानो जिगोरो यांनी १८८२ साली सुरू केलेला, आणि तेही शिक्षकच! पूर्वी 'कराटे' हा शब्द 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. पुढे 'रिकामा हात' अशा अर्थाची अक्षरे रूढ झाली आणि १९३६ साली ओकिनावातल्या गुरूंनीही ती मान्य केली. पहिला वार आपण करायचा नाही, हा फुनाकोशींचा दंडक. मुलांना शिकवतात त्या सुरुवातीच्या कातांचा आरंभही वार अडवण्यानेच होतो. म्हणजे हे खूळ नव्हे. मास्तरांनी मुलांसाठी सांभाळलेली ही विद्या आहे.

धाकटीचे हातपाय लवकर वळले. अडली ती एकाच ठिकाणी. ठोसा पुरा होताना पोटातून एक आरोळी द्यायची असते, तिला 'किआई' म्हणतात. श्वास जोराने बाहेर पडतो, पोटाचे स्नायू आवळतात, अंगातली सारी ताकद एका क्षणी एकवटते. सगळी मुले ओरडत, सभागृह दणाणून जाई, आणि आमची धाकटी नुसते तोंड उघडी! आवाज म्हणून नाही. एक आठवडा गेला, महिना गेला. सर रागावले नाहीत. एके दिवशी मात्र ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्हीच जरा ओरडून दाखवा तिला."

मी उठले. पदर खोचला. मुठी आवळल्या. सगळी मुले माझ्याकडे पाहत होती. आणि माझ्याही घशातून आवाज फुटेना! लहानपणी आई म्हणे, हळू बोल, ओट्यावर आवाज जाईल. सासरी आल्यावर तेच. चाळीस वर्षे मी हळू बोलत आले आणि तेच वाण पोरीच्या ओटीत घातले. एरवी कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारी मी, त्या दिवशी डोळे मिटून एकदाची ओरडले. कसला तरी चिरका सूर निघाला. मुले खदखदून हसली. मीही हसले. आणि माझ्या शेजारून दुसरी आरोळी आली, खणखणीत. ती धाकटीची होती.

घरी आल्यावर सासूबाईंना तिने ती ऐकवली. त्या माळ जपत होत्या. "मेले गं बाई!" म्हणून त्यांनी छातीला हात लावला, मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुन्हा एकदा कर बघू."

दिवाळीच्या सुट्टीआधी धाकटीने आपण होऊन जवळची वाट धरली. मी काही म्हटले नाही. दारात उभी राहिले मात्र. त्या दिवशी ती दहा मिनिटांत घरी आली. बोळात तिघे उभे होतेच. एकाने दप्तराला हात घातला. तिने ठोसा मारला नाही, लाथ मारली नाही. दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि ओरडली, "सोड माझं दप्तर!" पिठाच्या गिरणीतले लोक बाहेर आले. पोरे पसार झाली. हे सारे तिने चपला काढायच्या आत मला सांगितले, मोठ्या आवाजात. तिने त्यांना पळवले याचा आनंद झालाच. पण तिने मला सांगितले याचा जास्त झाला. संध्याकाळी 'हे' त्या मुलांच्या घरी जाऊन बोलून आले. मोठ्यांनी करायचे काम पोरीच्या मुठीवर सोडून चालत नाही.

आपल्या मुलांना अशा वर्गात घालू पाहणाऱ्या आईबापांना दोन शब्द सांगते. आधी चार दिवस स्वतः जाऊन बसा. जमीन टणक आहे की अंथरलेली, मुले घाबरून शिकतात की हसत, हे पाहा. आईबापांना आत बसू न देणारा वर्ग नको. पट्ट्याचा रंग झटपट बदलून देणारा तर मुळीच नको. आणि दोन महिन्यांत पोर शूर होईल अशी आशा धरू नका.

यंदा धाकटीच्या कमरेला पिवळा पट्टा आहे. रविवारी सकाळी बायकांचा वर्ग निघाला आहे. त्यात सहाजणी आहोत. माझा पट्टा अजून पांढराच. किल्ल्याची माती आणायला धाकटी आत्ताच बाहेर गेली, आणि गल्लीच्या टोकावरून तिने मला हाक मारली. पूर्वी मी म्हटले असते, "अगं, हळू!"

या वेळी मीही तिला तितक्याच मोठ्याने ओ दिली.