चांदोरच्या वाड्यांतील चिनी भांडीं

आपल्या घरांत ‘चिनी माती’ हें नांव दोन निरनिराळ्या वस्तूंस लावतात. लोणच्याची पिंगट-पांढरी बरणी चिनी मातीची आणि चहाची कपबशीही चिनी मातीचीच. परंतु बरणी ही जाड, अपारदर्शक दगडी मातीची. खरें चिनी पात्र तिच्याहून फार निराळें. तें उजेडापुढें धरलें तर मागील बोटांची सावली आरपार दिसते आणि टिचकी मारली तर घंटेसारखा नाद निघतो.

हें पात्र दोन द्रव्यांचें होतें. एक केओलिन नांवाची शुभ्र माती. चीनमधील चिंगदेचेन शहराजवळच्या गावलिंग या ठिकाणावरून तिला हें नांव पडलें. दुसरें द्रव्य म्हणजे कुटलेला एक प्रकारचा खडक. दोहोंचें मिश्रण सुमारें १३०० अंश उष्णतेंत भाजलें म्हणजे खडक वितळून मातीच्या कणांत भिनतो व सर्व पात्र एकजीव होतें. युरोपास ही युक्ति साधली ती १७०८ च्या सुमारास. १७१० मध्यें जर्मनींत माइसेन येथें कारखाना निघाला. तत्पूर्वीं मुख्य मदार चीनवर होती.

आमच्या धर्मशास्त्रांत धातूचें पात्र राखेनें व आंबटानें शुद्ध होतें, मातीचें मात्र पुन्हां भाजावें लागतें, असें सांगितलें आहे. साधी माती रस शोषून घेते, हेंच त्याचें कारण आम्हांस दिसतें. चिनी पात्र कांहींच शोषीत नाहीं. तरी नांवांत ‘माती’ असल्यामुळें सोवळ्या घरांतून त्याला पानाजवळ जागा मिळाली नाहीं. बरणी मात्र फडताळांत मानानें बसली!

गोमंतकांतील ख्रिस्ती घराण्यांना ही अडचण नव्हती. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतलें आणि १५५७ च्या सुमारास चीनच्या किनाऱ्यावर मकाव येथें ठाणें वसविलें. मकावहून पोर्तुगालकडे जाणारा माल गोव्यावरून जाई. पुढें इतर युरोपीय कंपन्याही या व्यापारांत उतरल्या. गिऱ्हाईक लांकडी किंवा चांदीचा नमुना पाठवी आणि चिनी कुंभार त्याबरहुकूम झांकणाचीं सूपपात्रें, थाळ्या, बशा घडवी. चिंगदेचेनहून पांढरीं भांडीं कांटनला येत व तेथील चितारी त्यांवर गिऱ्हाइकाचें कुलचिन्ह रंगवीत. ओलाव्यानें हीं भांडीं बिघडत नसल्यामुळें त्यांच्या पेट्या जहाजाच्या तळाशीं आणि चहा वरती रचीत. १७५२ मध्यें बुडालेल्या गेल्डरमाल्सेन या डच जहाजांतून १९८५ मध्यें सुमारें दीड लाख भांडीं वर काढलीं. दोनशें तेहतीस वर्षें समुद्रांत राहूनही त्यांपैकीं पुष्कळांची झिलई कायम होती.

अशीं भांडीं जेथें अद्याप घरांतच आहेत, असें एक स्थळ म्हणजे सासष्टींतील चांदोर. आमच्या चांदूरशीं नांवानें जवळचें असें हें गांव प्राचीन काळीं चंद्रपूर म्हणून प्रसिद्ध होतें. येथील ब्रागांझा घराण्याचा विस्तीर्ण वाडा दोन शाखांत वांटलेला आहे. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लेखणी चालविणारे पत्रकार लुईश द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) याच घराण्यांतले. त्यांच्या ग्रंथसंग्रहाइतकाच येथील चिनी भांड्यांचा संग्रह पाहण्याजोगा आहे. १९६१ मध्यें गोवें मुक्त झालें, पुढें कुळकायदा आला व जमिनी कुळांकडे गेल्या. तें न्याय्यच झालें. परंतु ज्या उत्पन्नावर असले वाडे उभे होते तें आटलें. आज घरचीं माणसें येणाऱ्यांस वाडा दाखवितात आणि मिळणारी देणगी डागडुजीच्या कामीं येते.

मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत टाटा बंधूंच्या संग्रहांतून आलेलीं उत्तम चिनी भांडीं आहेत. तेथें तीं सुरक्षित आहेत. परंतु ज्या घरांत तीं वापरलीं गेलीं तें घर भोंवतालीं नाहीं. चांदोरास भांडें, मेजघर आणि कुटुंब यांची सांगड अजून तुटलेली नाहीं. आमच्या मतें त्या संग्रहाचें खरें मोल यांतच आहे.

वऱ्हाडच्या वाचकांनीं हा व्यापार अगदींच परका समजूं नये. १८२५-२६ मध्यें विकाजी व पेस्तनजी या पारशी बंधूंच्या पेढीनें वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून मुंबईस धाडला. त्या काळीं मुंबईच्या कापसाची चीन ही मोठी पेठ होती आणि परतीच्या जहाजांतून चहा, रेशीम व चिनी भांडीं येत. आमच्या काळ्या मातीचा त्या पांढऱ्या मातीशीं असा दूरचा ऋणानुबंध आहे.

तेव्हां आपल्या माळ्यावर काय आहे, हेंही एकदां पाहावें. आजेसासूचें घंगाळ, माहेराहून आलेला गडू, एखादी कडा उडालेली जुनी बशी या वस्तु मोडींत देण्यापूर्वीं ती कोणाची, कोठून व केव्हां आली, एवढें वडीलधाऱ्यांस विचारून एका चिठ्ठीवर लिहून ठेवावें. भांडें फुटलें तरी एखादे वेळीं सांधतां येतें; त्याची हकीकत सांगणारें माणूस गेलें म्हणजे ती पुन्हां मिळत नाहीं.