राष्ट्रीय फुटबॉल संघातील ज्येष्ठ खेळाडूंचे मूल्य : सुनील छेत्री यांच्या संदर्भात

राष्ट्रीय फुटबॉल संघाला एकत्रित सरावासाठी वर्षातून मोजकेच दिवस मिळतात. त्यामुळे खेळाडूंमधील परस्परसमज टिकविण्याची जबाबदारी प्रामुख्याने ज्येष्ठ खेळाडूंवर येते.

या दृष्टीने सुनील छेत्री यांचे उदाहरण उद्बोधक आहे. २००५ मध्ये पदार्पण केलेल्या छेत्री यांनी ६ जून २०२४ रोजी कोलकाता येथे कुवेतविरुद्धच्या सामन्यानंतर ९४ आंतरराष्ट्रीय गोलांसह निवृत्ती स्वीकारली. त्या वर्षातील उर्वरित एकाही सामन्यात भारताला विजय मिळाला नाही. मार्च २०२५ मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. १९ मार्च रोजी शिलाँग येथे मालदीवविरुद्ध भारताने ३-० असा विजय मिळविला. त्यातील एक गोल चाळीस वर्षांच्या छेत्री यांचा होता.

तथापि सहा दिवसांनी बांगलादेशाविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. ऑक्टोबरमध्ये मडगाव येथे सिंगापूरकडून १-२ असा पराभव होऊन २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रताही हुकली.

यावरून असे दिसून येते की, ज्येष्ठ खेळाडूचा अनुभव संघाला आधार देतो; परंतु तो नव्या आघाडीपटूंच्या जडणघडणीस पर्याय ठरू शकत नाही. ज्येष्ठ खेळाडू संघात असतानाच त्याचा उत्तराधिकारी त्याच्यासमवेत खेळून घडावा, यातच त्या अनुभवाचे खरे मूल्य आहे.