वाटेत थांबलेला गर्भ

रक्त साचतंय ओटीपोटात आणि बाई सांगते, खांदा दुखतोय. हा चमत्कारिक धागा नीट उलगडला तर माणसाचं शरीर कसं घडतं याबद्दल थक्क व्हायला होतं. गर्भाशयाऐवजी तिकडे जाणाऱ्या बीजनळीत रुजलेला गर्भ वाढत जातो, नळी फुटते, रक्त पोटात पसरतं. बाई आडवी झाली की ते वर सरकून पोट आणि छातीमधल्या पडद्याला, श्वासपटलाला भिडतं. हे श्वासपटल, आपण आईच्या पोटात काही आठवड्यांचे असतो तेव्हा मानेपाशी आकार घेऊ लागतं. पुढे ते खाली छातीच्या तळाशी उतरतं आणि मानेतून निघालेली आपली नसही सोबत खाली आणतं. खांद्याच्या कातडीची जाणीव मज्जारज्जूच्या त्याच पातळीवर पोचते. म्हणून श्वासपटल डिवचलं गेलं की मेंदूला वाटतं, खांदाच दुखतोय. ती बाई स्वतः गर्भ होती त्या काळातली शरीराची रचना आज तिच्या जिवावरचा धोका सांगत असते.

हा गर्भ भलत्याच ठिकाणी जाऊन पोचला, असं आपल्याला वाटतं. खरं तर तो निघालेल्या वाटेवरच थांबलेला असतो. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची भेट नळीतच होते. तुमचे-माझे पहिले तीन-चार दिवस तिथेच गेले. नळी जेमतेम १०-१२ सेंटिमीटर लांब. तिच्या आतल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. वाऱ्याने ज्वारीचं शेत एका दिशेला लवत जावं तसे ते गर्भाशयाच्या दिशेने लवत राहतात, नळीचे स्नायूही हलके आकसतात आणि पेशींचा तो इवलासा गोळा पुढे सरकतो. सहाव्या-सातव्या दिवशी तो जिथे असेल तिथे रुजायला लागतो. वाट बघणं त्याला माहीत नसतं. गर्भाशयाचं जाड अस्तर त्याच्यासाठी तयार असतं. नळीची भिंत मात्र पातळ. गर्भाच्या बाहेरच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांत शिरतात, कारण वार तशीच तयार होते. गर्भाशयात ज्या ताकदीने बाळ वाढतं, त्याच ताकदीने इथे नळी फाटते.

शंभर गर्भधारणांत एखाद-दुसरी अशी असते, आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नळीतच. पूर्वी झालेला जंतुसंसर्ग, आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोगही, पोटाची शस्त्रक्रिया, धूम्रपान, आधीचा असाच गर्भ, यांमुळे नळीचं आतलं अस्तर बिघडलेलं असू शकतं. पण जवळपास निम्म्या बायकांच्या बाबतीत कोणतंच कारण सापडत नाही. तिने काय खाल्लं, किती वजन उचललं, कुठे प्रवास केला, याचा इथे काडीचाही संबंध नाही. घरच्यांनी हे प्रश्न तिला विचारूच नयेत, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र गावोगावच्या बायकांपर्यंत पोचायला हवी. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं की दिवस जाण्याची शक्यता फार थोडी उरते. पण गेलेच, तर असा गर्भ सुमारे तीनांत एकदा गर्भाशयाबाहेर असू शकतो. तांबी बसवलेली असतानाही दिवस गेले तर हीच शंका आधी घ्यायची. ‘माझं ऑपरेशन झालंय, पाळी अशीच मागेपुढे होत असेल’ या समजुतीत मोलाचे दिवस जातात. आशाताईंकडे मिळणाऱ्या ‘निश्चय’ किटवर लघवीची तपासणी पाच मिनिटांत होते. दोन रेघा उमटल्या तर दिवस गेलेत एवढं कळतं. गर्भ कुठे आहे हे त्या रेघा सांगत नाहीत.

पहिल्या तीन महिन्यांत डाग दिसणं किंवा थोडं अंगावरून जाणं तसं दुर्मीळ नाही. चारांतल्या एकीला ते होतं, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींची गर्भधारणा पुढे सुखरूप चालू राहते. सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले तर आशा आणखी वाढते. गर्भ पडलाच, तर बहुतेक वेळा त्याच्या गुणसूत्रांतच पहिल्यापासून चूक असते. अंथरुणाला खिळून राहिल्याने तो वाचतो, याला आधार नाही. म्हणून डाग दिसला की घाबरून पडून राहण्यापेक्षा तपासून घेणं महत्त्वाचं. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, चक्कर येतेय, डोळ्यांपुढे अंधारी, दरदरून घाम, खांदा दुखणं, सारखं संडासला लागल्यासारखं वाटणं: यांतलं काही असेल तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन करायचा. बाहेर जाणारं रक्त किती थोडं आहे यावरून आतला अंदाज बांधू नये.

दवाखान्यात डॉक्टर दोन गोष्टी जोडून बघतात. रक्तातलं एचसीजी हे संप्रेरक सुरुवातीच्या आठवड्यांत साधारण दोन दिवसांत दुपटीच्या आसपास जातं. नळीतल्या गर्भात ही चाल बहुधा मंदावते. आणि आतून केलेल्या सोनोग्राफीत, एचसीजी ठरावीक पातळीच्या वर गेलेलं असूनही गर्भाशय रिकामं दिसलं, तर संशय पक्का होत जातो. कधी कधी पहिल्या दिवशी काहीच ठरवता येत नाही. मग ४८ तासांनी पुन्हा रक्त तपासतात. ती वाट बघणं जीव टांगणीला लावणारं असतं, पण तोही तपासणीचाच भाग आहे.

नळी फुटली असेल तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. १८८३ साली बर्मिंगहॅममध्ये लॉसन टेट यांनी फुटलेली नळी काढून एका रुग्णाला वाचवलं, तोवर डॉक्टर बहुधा हताशपणे बघत राहत. आज बहुतेक वेळा हे काम दुर्बिणीतून होतं. एक नळी गेली तरी दुसरी चांगली असेल, तर निम्म्याहून अधिक जणींना पुढे आपोआप दिवस जातात.

पण नळी फुटण्याआधी निदान झालं तर एका इंजेक्शनने काम भागू शकतं, आणि त्या औषधाचं मूळ शोधत गेलं की आपण थेट मुंबईत येऊन पोचतो. १९२८मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका विचित्र पंडुरोगाने खंगत होत्या, दगावत होत्या. विल्स यांनी त्यांचं रक्त तपासलं, जेवण तपासलं, हाफकिन संस्थेत प्रयोग केले. यकृताचा अर्क गुणकारी पण महाग. मग त्यांनी यीस्टचा अर्क, तिकडे पावाला लावून खातात तो मार्माइट, देऊन पाहिला. बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यीस्टमधलं ते द्रव्य नेमकं कोणतं हे मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते होतं फोलेट. पेशी दुप्पट होताना नवा डीएनए घडवायला ते लागतंच, आणि गर्भारपणात त्याची गरज वाढते. १९४०च्या दशकात आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक अ‍ॅसिडवर काम करत होते. त्यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत बनवलंच, शिवाय त्याच्यासारखीच दिसणारी पण काम अडवून धरणारी रसायनंही बनवली. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट. १९५६मध्ये मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी अमेरिकेत वारेच्या पेशींपासून होणारा कर्करोग त्याने बरा होतो असं दाखवलं. वारेच्या पेशी झपाट्याने वाढतात, म्हणून फोलेटवाचून त्या तग धरू शकत नाहीत. मग हेच औषध नळीतल्या गर्भावर का चालू नये? १९८२मध्ये जपानमध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी ते वापरून पाहिलं, आणि चाललं.

गिरणगावातल्या बायकांना जे मिळत नव्हतं म्हणून त्या मरत होत्या, तेच हिशेबाने अडवून आज दुसऱ्या बायकांचा जीव आणि नळी दोन्ही वाचवता येतात. वैद्यकाच्या इतिहासात मला याहून मोठी नवलाची गोष्ट माहीत नाही. गिरणीतल्या त्या बायकांपैकी कुणाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही, याची मात्र रुखरुख वाटते.

हे इंजेक्शन सगळ्यांना देता येत नाही. बाईची नाडी आणि रक्तदाब स्थिर हवेत, नळी शाबूत हवी, एचसीजी फार चढलेलं नको, गर्भाचे ठोके सुरू झालेले नकोत. तिचं यकृत आणि मूत्रपिंड ठीक आहे ना तेही बघतात. चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्त तपासून एचसीजी पंधरा टक्के तरी उतरलं का ते पाहतात, आणि पुढे ते शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला बोलावतात. मधल्या दिवसांत पोट थोडं दुखतं; जोराची कळ आली, भोवळ आली तर लगेच दवाखाना गाठायचा, कारण नळी या काळातही फुटू शकते. ‘हा गर्भ उचलून गर्भाशयात ठेवता येणार नाही का?’ असं अनेक जणी डोळ्यांत पाणी आणून विचारतात. आज तरी तसं करण्याचा कोणताही मार्ग नाही.

उपचार चालू असताना फॉलिक अ‍ॅसिडची गोळी बंद ठेवायची, नाहीतर औषधाचा जोर ओसरतो. दिवस राहू नयेत याची तीन महिने काळजी घ्यायची. पुन्हा नळीतच गर्भ राहण्याची शक्यता साधारण दहात एक असते, म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकली की सहाव्या आठवड्याच्या सुमाराला आतून सोनोग्राफी करून गर्भ कुठे आहे ते आधी पाहायचं. आणि पुन्हा मूल हवं असं ठरलं की डॉक्टरांना विचारून फॉलिक अ‍ॅसिडची तीच गोळी परत सुरू करायची.