गुडघा बाहेरून दुखतो, खुबा बाहेरून दुखतो: हे काय असतं?

३१ जुलैला बंदी संपते, ट्रॉलर बाहेर पडतात आणि दोन-तीन आठवड्यांत जेटीवर तीच तक्रार सुरू होते. गुडघा दुखतो, पण आतून नाही, बाहेरच्या अंगाला. लगेच कोणीतरी म्हणतो, वाटी झिजली. बरेचदा वाटीचा काही संबंध नसतो.

खुब्यापासून मांडीच्या बाहेरून एक जाड, चामड्यासारखा पट्टा खाली येतो आणि गुडघ्याखाली नळीच्या हाडाला चिकटतो. डॉक्टर त्याला आयटी बँड म्हणतात. गुडघा साधारण ३० अंश वाकला की हा पट्टा गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबला जातो. आता बघा, हलत्या डेकवर आपण कसे उभे असतो? गुडघे थोडे वाकवून, तासन् तास. त्यात ६१ दिवस अंगाला सवय नाही आणि पहिल्याच फेरीला पूर्ण काम. पायऱ्या उतरताना जास्त दुखतं ही याची खूण. रापण ओढणाऱ्यांचं म्हणाल तर वाळू उतरती, एक पाय कायम खाली. दोराची बाजू अधूनमधून बदलून घ्या.

खुब्याचं दुखणं आमच्या बायकांना जास्त, विशेषतः चाळिशीनंतर. बाहेरच्या हाडाला चिकटलेले स्नायूंचे दोर ताणाने आणि दाबाने दुखावतात. त्या कुशीवर झोपवत नाही. पाटी एकाच कमरेवर घेणं, बाजारात मांडीवर मांडी टाकून बसणं, एका पायावर भार देऊन उभं राहणं, या तिन्ही सवयींनी ते वाढतं. झोपताना दुखरी बाजू वर ठेवा आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्या. एवढ्यानेही रात्र बरी जाते.

तेल लावून त्या हाडावर जोरात रगडणं मात्र थांबवा. पाय आडवा ओढून ताण देणंही खुब्याला उलट त्रास देतं. पूर्ण अंथरूण धरायची गरज नाही. दुखणारं काम निम्म्यावर आणा, मग आठवड्या-आठवड्याने वाढवा. रोज पाठीवर झोपून, गुडघे मोडून, कंबर वर उचला. १० वेळा, दोन-तीनदा. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर कमी करा. बरं व्हायला सहा ते बारा आठवडे लागू शकतात, आणि इथेच आपले लोक कंटाळतात. सुई घेतली की आराम पडतो, पण तो बरेचदा थोड्या दिवसांचाच. सुई घेतली तरी व्यायाम सोडायचा नाही.

पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, गुडघा सुजला किंवा अडकला असेल, तापही असेल, तर वाट न बघता डॉक्टरकडे जा. दुखणं जांघेत असेल किंवा कमरेपासून पोटरीखाली मुंग्या येत असतील, तर ते वेगळं दुखणं. तेही दाखवून घ्या, या व्यायामावर राहू नका.