हिरवागार, पण नापास

सकाळी ६.४५
शेडनेटखाली चोवीस कुंड्या, प्रत्येकीत आठ किलो माती. बारा कुंड्यांत शहराखालच्या नदीकाठच्या मळ्यातली काळी, बारांत कोकणातली लाल. लाल मातीत कॅडमियम आम्हीच मोजून मिसळलंय. दोन्हींत काही कुंड्या नुसत्या मातीच्या, काहींत कंपोस्ट, तर काहींत कंपोस्टच्या जोडीला बायोचार, म्हणजे तुराट्या कमी हवेत जाळून केलेला कोळसा. एकेक कुंडी काट्यावर ठेवायची आणि कालपासून जेवढं वजन उतरलं तेवढंच पाणी घालायचं. माती वाफशावर राहिली पाहिजे. कुंड्यांना तळाला भोक नाही. पाण्यासोबत धातू झिरपून गेला तर हिशेब कशाचा मांडणार?

७.३०
पालकाची दुसरी कापणी. लाल मातीतला कंपोस्टचा पालक सगळ्यांत जोमदार, पान तळहाताएवढं. नुसत्या लाल मातीतला खुरटलेला, पिवळट. पानं धुऊन, ओलं वजन घेऊन ६५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवली. दोन दिवस तिथेच राहतील.

९.००
मळ्यावर. माती घ्यायला प्लास्टिकची बादली आणि लाकडी खुरपं. जस्ताच्या पत्र्याची बादली घेतली तर तिचंच जस्त नमुन्यात उतरतं. नागमोडी चालत वीतभर खोलीची माती दहा ठिकाणांहून घेतली. ती एकत्र करून पसरायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, उरलेले टाकायचे.

मळ्याचे मालक काका बांधावर आले. "ताई, पालक बघा कसा उठलाय! या पाण्याला खत लागत नाही."

काकांचं खोटं नाही. मळ्याला येणाऱ्या सांडपाण्यात नत्र असतं, पीक तरारतं. त्याच पाण्यातून कारखान्यांचा धातूही येतो. नत्र पीक खाऊन संपवतं. धातू मात्र कुजत नाही, उडून जात नाही, वर्षानुवर्षं साचत राहतो.

११.३०
प्रयोगशाळा. आधी वाळवून चाळलेली माती दहा ग्रॅम, डीटीपीएचं द्रावण वीस मिलिलिटर, दोन तास हलवणी. मातीत एकूण धातू किती, याहून त्यातला किती मुळाच्या हाती लागेल ते महत्त्वाचं. हे द्रावण साधारण तेवढाच भाग सोडवून आणतं. चुनखडीच्या काळ्या मातीत धातू धरून बसतो. आम्लधर्मी लाल मातीत सुटा होतो. म्हणून लाल मातीला चुना किंवा बायोचार द्यायचा.

१.३०
डबा. नवीन विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, पीक छान वाढलं की काम झालं ना?"

इथेच सगळे फसतात. तांबं किंवा जस्त फार झालं तर माणसाला बाधण्याआधी रोपच आजारी पडतं. शिसं बहुतेक मुळाशीच अडतं. कॅडमियम मात्र रोपाला फारसं न दुखवता पानात, दाण्यात चढतं आणि माणसाच्या मूत्रपिंडात मुक्काम करतं; त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमध्ये तोयामा प्रांतात कामिओका खाणीचं कॅडमियम जिंझू नदीतून भातखाचरांत गेलं. 'इताइ-इताइ', म्हणजे 'दुखतंय-दुखतंय', हे त्या रोगाचं नाव. हाडं ठिसूळ होऊन मोडायची. सरकारने 1968 मध्ये तो प्रदूषणाचा रोग मानला. तिथल्या शेतांची माती बदलायचं काम 2012 मध्ये संपलं. जपानमध्ये कॅडमियमच्या भागात भात निसवण्याच्या आधी-नंतर तीन-तीन आठवडे खाचरात पाणी उभं ठेवतात. हवा तुटली की कॅडमियम गंधकाशी बांधलं जातं, विरघळत नाही. पण त्याच पाण्यात आर्सेनिक मोकळं होतं. एकाला बांधावं तर दुसरा सुटतो.

३.००
मागच्या कापणीच्या पानांचं वाचन. धातू मोजायच्या यंत्रात कॅडमियमचा दिवा लावला. कोरड्या वजनावरचा आकडा ओल्या वजनावर आणायचा, कारण पालेभाजीसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा ओल्या किलोला 0.2 मिलिग्रॅम आहे. काळीतला नुसत्या मातीचा पालक काठावर, बायोचारचा आत. लाल मातीत बायोचारचा कसाबसा आत. आणि तो तळहाताएवढा, कंपोस्टवरचा? मर्यादेपार. चोवीस कुंड्यांतला सर्वांत देखणा पालक नापास.

५.००
काकांना फोन. "काठावर आहे," म्हटलं. पाटाच्या तोंडाशी गाळ जास्त बसतो, म्हणून तिथल्या वाफ्यांत पालक, मेथी नको, झेंडू लावा. पालक विहिरीच्या पाण्यावरच्या वाफ्यांत हलवा. फळभाजी घ्यायची तर भेंडी घ्या, फळात धातू पानापेक्षा सहसा कमी चढतो. तरी तीही तपासून देते.

"पालकाचे रोजचे पैसे येतात, ताई. झेंडू दसऱ्याला."

याला माझ्याकडे द्रावण नाही. उद्या येते म्हणाले.

६.१५
उरलेला पालक पोत्यात भरून, चिठ्ठी लावून कुलपात. गाईला घालायचा नाही, उकिरड्यावर टाकायचा नाही. पान कुजलं तरी कॅडमियम पुन्हा मातीतच येणार. जाताना विद्यार्थिनी म्हणाली, घरी आता भाजी मिठाच्या पाण्यात धुईन. जरूर धुवावी. पानावरची माती, धूळ जाते. पानाच्या आतलं कॅडमियम धुतल्याने जात नाही.